रोजचे ऊन आणि कधीतरीचा भूकंप

कोकणातल्या कुठल्याही गावातून आज फेरफटका मारला तर एका नमुन्याचे घर हमखास दिसते. चिऱ्याच्या भिंती, वर सिमेंटचा सपाट स्लॅब आणि त्या स्लॅबच्याही डोक्यावर लोखंडी पाइपांवर उभी केलेली निळ्या नाहीतर लाल पत्र्यांची शेड. एका घराला दोन छपरे. पहिले हौसेने घातलेले, कारण स्लॅबचे घर म्हणजे पक्के घर ही समजूत मुंबईच्या पगाराबरोबर गावी आली. दुसरे नाइलाजाने, कारण दोन-तीन पावसाळ्यांत पहिले गळू लागले.

स्लॅब गळला की गवंड्याला बोल लावला जातो. दर वेळी त्याची चूक असतेच असे नाही. उन्हाने तापले की काँक्रीट वाढते आणि रात्री निवले की आकसते. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान तीस अंशांनी बदलले तर त्याची लांबी सुमारे तीन मिलिमीटरने बदलते. उन्हाळ्यात ही ओढाताण दिवसाआड नाही, रोज चालते, आणि स्लॅब भिंतींमध्ये अडकलेला असल्याने त्याला हलायला मोकळीक नसते. केसासारख्या चिरा पडतात. मग मृगाचा पाऊस लागतो आणि सपाट गच्चीवर साचलेले पाणी त्या चिरांतून खाली उतरते. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा साचू दिला तर उभा माणूस बुडून वर हातभर पाणी उरेल.

कौलारू घराने पाण्याला थांबूच दिले नव्हते. उतरते पाखे, वासे-रिपांवर एकमेकांवर चढवलेली कौले, भिंतीपासून चांगली हात-दीड हात पुढे काढलेली वळचण. झड कितीही तिरपी आली तरी भिंतीचा बराचसा भाग कोरडा राहतो आणि पाणी पागोळ्यांनी थेट अंगणात. यात परंपरेचे गोडवे गायचे कारण नाही. कोकणी घराची ओळख मानले जाणारे मंगलोरी कौल मुळात कारखान्यातून आले. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ते किनाराभर पसरले. त्याआधी नळे होते, गवत होते, झावळ्या होत्या. साहित्य बदलले, उतार मात्र बदलला नाही, कारण पाऊस तोच होता आणि पाणी उताराकडेच धावत होते.

म्हणून स्लॅबवरची ती शेड कुरूप दिसली तरी तिच्यामागचा विचार बरोबर आहे. ती पाऊस अडवते, स्लॅबवर ऊन पडू देत नाही, आणि दोन्ही छपरांच्या मधून वारा खेळत असल्याने खालच्या खोल्याही थोड्या गार राहतात. रोज समोर दिसणाऱ्या दोन शत्रूंचा बंदोबस्त घरमालकाने कोणाला न विचारता केला. तिसऱ्याची आठवण त्याला नव्हती.

तो ३ जून २०२० रोजी आला. 'निसर्ग' चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या परिसरात धडकले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौले फुटली आणि पत्रे कागदासारखे उडाले. वादळानंतर कित्येकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : वारा तर आडवा वाहत होता, मग पत्रा वर कसा गेला?

कागदाची एक पट्टी ओठांखाली धरावी आणि तिच्यावरून जोरात फुंकर मारावी. खाली लोंबणारी पट्टी उचलली जाते. छपराचे तेच होते. वारा भिंतीला अडतो, वर चढतो, छपराच्या कडेवरून वेगाने सुटतो आणि त्या कडेपाशी हवेचा दाब एकदम घटतो. खालची हवा मात्र आपल्या दाबानिशी तशीच असते, आणि ती पत्र्याला वर ढकलते. वारा छपराला खाली दाबतो हा सर्वसाधारण समज सपाट आणि कमी उताराच्या छपरांच्या बाबतीत अगदी उलटा आहे. तिथे वारा छप्पर ओढून नेऊ पाहतो. त्यातून वाऱ्याच्या बाजूची एखादी खिडकी फुटली तर आत शिरलेली हवाही वरच रेटा देते.

इथे थोडा हिशेब करायलाच हवा. ताशी १२० किलोमीटरचा वारा अडला तर दर चौरस मीटरला साधारण ६५ ते ७० किलोंचा दाब पडतो. छपरावरची ओढ ६० किलो धरू. हजार चौरस फुटांची शेड म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणून एकूण ओढ साडेपाच टनांच्या आसपास. पत्रा मात्र चौरस मीटरला चार-पाच किलोंचा. पाइप, अँगल सगळे धरले तरी शेडचे वजन टनभर भरेल. उरलेली चार-साडेचार टनांची ओढ कोणी धरायची? हुकांनी, स्क्रूंनी, पाइपाच्या बुडाशी असलेल्या बोल्टांनी. प्रत्यक्षात अनेक शेडचे पाइप गच्चीच्या कठड्यातून वर काढलेल्या दोन सळयांना वेल्डिंगचा टाका मारून उभे केलेले असतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे त्या टाक्याला कोणी सांगितलेले नसते.

उपाय महागडे नाहीत. ओढ सगळ्यात जास्त कडांना आणि कोपऱ्यांना असते, म्हणून तिथे हुक दुप्पट घालायचे. पाइपाखाली जाड प्लेट आणि स्लॅबमध्ये खोलवर बसलेले बोल्ट. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला बरे तोंड देते, कारण त्याला चारी बाजूंनी उतार असतो आणि वाऱ्याला धडकायला सपाट त्रिकोणी भिंत सापडत नाही. कौलांना वजन असते, आणि त्यांच्या फटींतून आतबाहेरचा दाब काही प्रमाणात सारखा होतो. अर्थात शंभरच्या वर वेग गेला की नुसती ठेवलेली कौलेही उडतात. कडेच्या ओळी बांधून घ्याव्या लागतात.

निसर्गाची काही बले रोज भेटतात आणि काही पिढीत एखाद्या वेळी. रोज भेटणाऱ्या बलांशी माणूस अनुभवाने जुळवून घेतो. पाऊस, ऊन, दमटपणा यांनी घर घडवायला वास्तुविशारद लागत नाही, आजी-आजोबांची आठवण पुरते. पण तीस, पन्नास किंवा शंभर वर्षांनी येणाऱ्या बलाची आठवण घरात उरलेली नसते. त्याच्यासाठी गणितच लागते. आणि आपल्याकडे दुःखाची गोष्ट ही की, हे गणित उंच टॉवरपर्यंत पोहोचते, पण गावातल्या साध्या घरापर्यंत पोहोचत नाही.

याची सगळ्यात मोठी किंमत किल्लारीने मोजली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची जमीन हलली. तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान. जगात अशा तीव्रतेचे भूकंप दर वर्षी डझनांनी होतात आणि त्यांतल्या बहुतेकांची बातमीही होत नाही. किल्लारी-सास्तूरच्या परिसरात मात्र सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांना जमिनीने गिळले नाही. त्यांच्याच घरांच्या भिंती आणि छपरे त्यांच्या अंगावर आली.

ती घरे वाईट नव्हती, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिथल्या माणसाने दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही जाड दगडी भिंती बांधल्या आणि वर माळवद घातले : लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर दीड-दोन फूट पांढरी माती. उष्णता जाड मातीतून सावकाश आत सरकते. दुपारचे ऊन आत झिरपेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेरची हवा थंड झालेली असते. भर वैशाखात अशा घरात पाऊल टाकले की अंगावर गारवा येतो, तो त्या जाडीचा. पंखा आणि वीज नसलेल्या काळात याहून शहाणे घर त्या प्रदेशात क्वचितच कोणी बांधले असते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर पसरायचा, म्हणजे गळती थांबते आणि गारवाही वाढतो.

आणि वजनही वाढते. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा-सात टन.

भूकंप घराला बाहेरून धक्का देत नाही. तो घराखालची जमीन सरकवतो. उभ्या प्रवाशांनी भरलेल्या एसटीने अचानक ब्रेक मारला की पाय गाडीबरोबर थांबतात आणि वरचे शरीर पुढे जाते, तसेच घराचे होते. पाया जमिनीबरोबर जातो, छप्पर होते तिथेच राहू पाहते आणि मधल्या भिंतीवर सगळी ओढ येते. वस्तुमान जितके जास्त तितकी ही ओढ जास्त. न्यूटनचा दुसरा नियम शाळेत पाठ होतो, पण तो छपरावरच्या मातीलाही लागू असतो, हे वर्गात क्वचितच कोणी सांगते. उन्हापासून वाचवणारे तेच वजन त्या पहाटे काळ ठरले.

भिंतींची रचनाही तशीच होती. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर आणि मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती. दिसायला एक जाड भिंत, प्रत्यक्षात शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या दोन. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड फारसे नव्हतेच. हादरा बसला तसे थर एकमेकांपासून सुटले, एक आत पडला, एक बाहेर, आणि माळवद खाली बसले. काही ठिकाणी छप्पर भिंतीवर न टेकता लाकडी खांबांच्या खणावर उभे होते. तिथे भिंती ढासळूनही छप्पर तरंगत राहिले आणि खालची माणसे वाचली. लाकूड वाकते, सांधा थोडा हलतो, पण एकदम सुटत नाही. दगडमातीकडे ताण सोसायची अशी ताकद नसते. ती फक्त दाब सोसते.

म्हणजे वाचण्याचा मार्ग त्याच गावात, त्याच सुतारांच्या हातात होता. पण तो भूकंपासाठी म्हणून कोणी ओळखला नव्हता, कारण भूकंप आठवणीतच नव्हता. सरकारी नकाशातही नव्हता. त्या वेळच्या वर्गवारीत हा भाग क्षेत्र एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या गटात होता. खरे तर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने दख्खनचे पठार स्थिर आहे या समजुतीला तडा दिला होता, पण त्यानंतर कोयनेच्या आसपासचा धोका वाढवून दाखवला गेला आणि बाकीचे पठार निवांत राहिले. २००२ मध्ये भारतीय मानकातून क्षेत्र एक हा गटच काढून टाकला गेला. देशात भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त म्हणावी अशी जमीन नाही, हे कागदावर यायला किल्लारीनंतर नऊ वर्षे लागली.

कच्छची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे १८१९ मध्ये मोठा भूकंप झाला, १९५६ मध्ये अंजारला झाला आणि २६ जानेवारी २००१ रोजी ७.७ तीव्रतेचा झाला. ज्या प्रदेशात भूकंप पुन्हापुन्हा येतो तिथे घरही त्याची आठवण ठेवते. कच्छचा भुंगा गोल असतो. गोल भिंतीला कोपरा नसतो, आणि भूकंपात चौकोनी घर आधी कोपऱ्यांत फाटते. भिंती मातीच्या, छप्पर शंकूच्या आकाराचे आणि गवताचे, म्हणून डोक्यावर वजन नाही. २००१ मध्ये दगडी घरे पडत असताना नीट राखलेले बरेचसे भुंगे उभे राहिले. हिमाचलातल्या काठकुणी घरांतही दगडाच्या थरांमध्ये लाकडाच्या आडव्या पट्ट्या याच कारणासाठी येतात. तिथली युक्ती अशी : भिंतीला पट्टा बांधायचा, म्हणजे ती एकसंध हलेल.

कच्छच्या २००१ च्या भूकंपाच्या दिवशी केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काय झाले, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाने जास्त लक्ष देऊन वाचायला हवे. तिथे नव्या, काँक्रीटच्या, चार-पाच आणि दहा मजली इमारती कोसळल्या आणि शहरात सातशेहून जास्त माणसे मरण पावली. पडलेल्या बऱ्याच इमारतींत एक गोष्ट समान होती : तळमजला पार्किंगसाठी मोकळा. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात. त्या खांबांच्या मधल्या जागा भरून काढतात आणि सगळा वरचा भाग पेटीसारखा ताठ होतो. खाली मात्र नुसते खांब. हादरा आला की वरची पेटी जशीच्या तशी सरकते आणि सगळे वाकणे त्या एका मजल्याच्या खांबांवर येते. बारीक पायांच्या स्टुलावर धान्याचे भरलेले पोते ठेवून स्टूल हलवले तर पोत्याला काही होत नाही, पाय मोडतात.

२००२ च्या मानकाने अशा मोकळ्या मजल्याचे खांब आणि तुळया अडीचपट बलासाठी आखायला सांगितल्या, किंवा मग काँक्रीटच्या सलग भिंती घालायला. त्याआधीच्या इमारतींचे काय? पुणे आणि मुंबई त्याच वर्गवारीत मध्यम धोक्याच्या क्षेत्र तीनमध्ये येतात. आणि पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत, ठाण्यात, नाशकात ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या खांबांवर उभ्या सोसायट्या मोजता येणार नाहीत इतक्या आहेत. या सोसायट्यांच्या वार्षिक सभांत रंगकाम, लिफ्ट आणि पार्किंगच्या जागा यांवर तासन्तास चर्चा होते. त्या पार्किंगमधल्या खांबांची तपासणी क्वचितच विषयपत्रिकेवर येते. खांबांना बाहेरून सळया आणि काँक्रीटचे जॅकेट घालता येते, काही गाळ्यांत भिंती किंवा पोलादी तिरपे आधार देता येतात. यासाठी इमारत रिकामी करावी लागेलच असे नाही, दोन-चार गाड्यांची जागा मात्र जाईल.

खांबाच्या पोटात एक छोटी गोष्ट असते. उभ्या सळयांना भोवतीने जी चौकोनी रिंग घालतात, तिची दोन टोके एका कोपऱ्यात भेटतात. साइटवर फिटर ती टोके सहसा काटकोनात वाकवतो, कारण ते सोपे आणि चटकन होणारे. मानक सांगते की टोके १३५ अंशांत वाकवा, म्हणजे ती खांबाच्या गाभ्यात घुसतील, आणि वाकलेल्या टोकाची शेपटी तीन इंचांच्या आसपास ठेवा. फरक एवढाच. पण भूकंपात खांबाचा बाहेरचा थर आधी निखळतो. काटकोनातली टोके त्या थरातच अडकलेली असतात, थर गेला की रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतले काँक्रीट चुरा होऊन सांडते. आत वळलेली टोके गाभ्याला धरून राहतात. खांब वाकतो, तडकतो, पण छत खाली येऊ देत नाही, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. रिंगेमागे हाताच्या एका जास्तीच्या झटक्याचे हे काम, आणि काँक्रीट ओतल्यावर ते कोणालाही तपासता येत नाही.

शहरात उलटाही प्रकार दिसतो. तिथे रोजच्या बलालाच विसरण्याची सोय झाली आहे, कारण वातानुकूलन यंत्र आहे आणि बिल भरायची ऐपत आहे. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर, म्हणून दोन फुटी छज्जा अख्खी खिडकी झाकतो. संध्याकाळी पाचला तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर जेमतेम फूटभर सावली टाकतो, कारण सूर्य खाली उतरलेला असतो आणि किरणे सरळ खोलीत घुसतात. भर उन्हात सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॅट ऊर्जा पडते, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीइतकी. पश्चिमेला अख्खी काचेची भिंत लावणे म्हणजे अशा इस्त्र्यांची रांग खोलीकडे तोंड करून मांडणे. काच ऊन आत घेते, आत तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र सहज बाहेर जाऊ देत नाही. थंड युरोपात हा काचेचा गुण उपयोगी पडतो. अठरा-एकोणीस अक्षांशावरच्या शहरात तो उसना आणणे ही चूक आहे, आणि ती चूक दुरुस्त करणारी यंत्रे सगळी उष्णता शेजारच्या चाळीकडे आणि रस्त्यावरच्या माणसाकडे फेकतात.

चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर बांधलेली 'कांचनजंगा' ही इमारत या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून पाहण्यासारखी आहे. १९८३ मध्ये पुरी झालेली, ८४ मीटर उंच. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, अरबी समुद्राचे दृश्यही तिकडेच. पण दुपारचे ऊन आणि पावसाची झडही त्याच बाजूने. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलला आणि उंच इमारतीत नेला. घरांच्या कोपऱ्यांत दोन मजले उंच, खोल गच्च्या कोरून काढल्या. ऊन आणि पाऊस गच्चीतच अडतात, वारा मात्र घरात येतो. ही श्रीमंतांची घरे आहेत हे खरे, पण त्यातली युक्ती चाळीच्या गॅलरीचीच आहे. मुंबईने नंतर काय केले? बाल्कन्या खोलीत घेतल्या, कारण चौरस फुटाला भाव आला. सावली देणारी जागा गेली आणि उघडी भिंत उन्हात आली.

विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीचे दुखणे वेगळे, आणि ते तिथल्या प्रत्येक घरमालकाला ठाऊक आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. घराच्या कडेची माती आतल्यापेक्षा जास्त भिजते आणि जास्त वाळते, म्हणून भिंत कडेला वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखी तिरपी चीर निघते. दर दिवाळीला ती सिमेंटने बुजवली जाते, दर उन्हाळ्यात पुन्हा उघडते. उपाय जमिनीखाली आहे : काळी माती काढून मुरूम भरणे, घराभोवती पाणी मुरू न देणारी फरसबंदी करणे, किंवा ओलावा वर्षभर सारखा राहतो त्या खोलीपर्यंत, साधारण साडेतीन मीटर, पाया नेणे. बुडाशी कंदासारखे फुगवलेले पायल्स याच मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केले. उत्तर अनेक दशकांपूर्वी सापडले आहे, बांधणाऱ्यापर्यंत ते अजून आलेले नाही.

प्रश्न ज्ञानाचा नाही, पोहोचवण्याचा आहे. उंच इमारतीला स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते. गावातल्या घराला गवंडी, सेंटरिंगवाला, फिटर आणि शेड उभारणारा फॅब्रिकेटर, एवढीच माणसे लागतात. ती कष्टाळू असतात आणि सांगितले तर ऐकतात. त्यांना सांगायला कोणी येत नाही. ग्रामीण भागातल्या प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल किमान २५ चौरस मीटरचे असते, आणि कामाच्या टप्प्यांचे फोटो ॲपवर चढवले की पुढचा हप्ता सुटतो. या व्यवस्थेतच फार खर्च न वाढवता एक गोष्ट करता येईल. फोटोंमध्ये दोन-तीन जादा फोटो मागा. काँक्रीट ओतण्यापूर्वी खांबातल्या रिंगेच्या वळलेल्या टोकाचा. भिंतीवर चौफेर फिरलेल्या पट्ट्याच्या सळयांचा. छप्पर पत्र्याचे असेल तर कडेच्या ओळीतल्या हुकांचा. हप्ता त्यावर अडला, तर फिटर रिंग बरोबर वाकवेल, आणि एकदा हाताला वळण लागले की शेजारच्या खासगी घरातही तो ती तशीच वाकवेल. जिल्हा परिषदांच्या अभियंत्यांनी कोकणात वारा, लातूर-धाराशिवात भूकंप आणि परभणी-यवतमाळात काळी माती यांना पहिला मान देऊन वेगवेगळ्या मागण्या ठरवाव्यात. रत्नागिरी आणि गोंदियाला एकच घर चालणार नाही.

कोकणात मे महिन्यात अजूनही घरे शाकारली जातात. पहाटे उन्हाआधी दोघे जण छपरावर चढतात. एक जण कौले देतो, दुसरा फुटलेली काढून नवी बसवतो, कुजलेली रीप बदलतो, वळचणीखालची कोळिष्टके झाडतो. शेजारच्या स्लॅबवरच्या शेडकडे मात्र कोणी चढत नाही, कारण पत्र्याला काही लागत नाही अशी समजूत आहे. तिचे हुक गंजलेले असतात, रबरी वायसर उन्हाने चिरलेले असतात, आणि बुडाच्या प्लेटचे चारातले दोन बोल्ट हाताने फिरतात. पाना घेऊन एक माणूस अर्ध्या दिवसात ते सगळे आवळू शकतो. मृग लागायच्या आत, कौले शाकारणाऱ्यांच्याच बरोबर, त्यालाही बोलावून घ्यावे.